फोटो अपलोड झाला, विहिरीचं काय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर बातमी होती, ग्रामपंचायतींच्या शाश्वत विकास आराखड्याची कार्यशाळा उत्साहात संपन्न म्हणून. त्या फोटोत मागच्या रांगेत पंख्याखाली निळ्या साडीतली बाई मोबाईलमध्ये मान घालून बसलीय ना, ती मी. मोबाईल खेळत नव्हते, पोर्टलचा ओटीपी येईना म्हणून बघत होते. मी आमच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, नऊ वर्षं झाली, मानधन कधी येतं कधी नाही तो विषय वेगळा, त्यावर परत कधीतरी लिहीन. आमच्या गावाचा जो काय शाश्वत विकास वर दिसतो तो सगळा माझ्या बोटांनी टाईप झालेला असतो, त्यामुळे त्यात खरं किती आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेलं किती हे माझ्याइतकं कोणाला माहिती नसेल. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल पण विहिरीचं कापू नका.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2015 ला संयुक्त राष्ट्रांनी 17 उद्दिष्टं ठरवली, 2030 पर्यंत गाठायची, आणि आपल्या केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ती गावाला कळतील अशा 9 थीममध्ये बसवली. गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव असं करत करत महिलास्नेही गावापर्यंत. ग्रामसभेने त्यातल्या थीम निवडून संकल्प घ्यायचा, त्यावरून वर्षाचा आराखडा करायचा (जीपीडीपी म्हणतात त्याला), तो ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा. आणि गाव कुठवर आलं ते मोजायला पंचायत प्रगती निर्देशांक, आमच्या भाषेत पीएआय. पहिल्या फेरीला त्यात 435 निर्देशक होते आणि त्यासाठी 566 प्रकारची माहिती. छपाईची चूक नाही, पाचशे सहासष्टच. 2022-23 सालचा पहिला निकाल 2025 च्या एप्रिलमध्ये लागला, देशातल्या 2 लाख 16 हजारांवर पंचायतींचा, आणि 90 च्या वर गुण घेऊन 'अचीव्हर' झालेली एकही पंचायत त्यात नव्हती. आपल्या राज्यातल्या 12 हजारांवर पंचायती 'परफॉर्मर' मध्ये आहेत, म्हणजे 60 ते 75 गुणवाल्या, आमच्या वेळचा फर्स्ट क्लास म्हणा.

हे सगळं बंद करा असं मी म्हणत नाहीये. खरं सांगायचं तर त्या 566 मुळेच आमच्याकडे एक चांगली गोष्ट झाली. कमी वजनाच्या पोरांचा आकडा भरायचा होता म्हणून अंगणवाडीताईंचं रजिस्टर मागितलं आणि आशाताईंचं पण मागितलं, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली तर एकीकडे तीन पोरं आणि दुसरीकडे सात. दोघी एकाच आळीत राहतात बरं का. बसून नावं लावली तेव्हा कळलं की चार पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, ती अर्धं वर्ष गावात नसतातच म्हणून एका वहीतून गळली होती. फॉर्म नसता तर ही गोष्ट कधी टेबलावर आलीच नसती. तेव्हा मोजू नका असं कोण म्हणेल.

पण मग दुसरी बाजू ऐका. कुठल्यातरी एका हरित स्पर्धेसाठी दोन वर्षांपूर्वी जिओटॅग (म्हणजे जागेची नोंद असलेले) फोटो पाठवायचे होते, संध्याकाळी पाच वाजता फोन, रात्री बारापर्यंत पोर्टल चालू. आम्ही शिपायाला घेऊन पळालो शाळेच्या मागे. तिथे करंजाचं एकच रोप जरा फोटोत दिसण्यासारखं होतं, बाकीची वाळलेली. त्या एकाच रोपाचे मी तीन बाजूंनी फोटो काढले, एकदा सरपंच उभे, एकदा शिपाई झारी घेऊन, एकदा शाळेतल्या दोन पोरी. लाज वाटते सांगायला पण काढले. पुढे महिन्याभरात ते रोप कोणाच्या तरी शेळीने खाल्लं. पोर्टलवर तीनही रोपं अजून जिवंत आहेत.

बरं हे फक्त आमचंच असेल तर मी गप्प बसले असते. कार्यशाळेत चहाच्या वेळी आम्ही परिचालक एकत्र आलो की हेच चालतं, तुझ्याकडे किती भरले, तू शोषखड्ड्यांचा आकडा काय टाकलास. आणि आराखड्याचं तर उलटंच आहे. आधी काम ठरतं मग आम्ही थीम शोधतो. मारुतीच्या पारापुढे पेव्हर ब्लॉक टाकायचे हे वर्षभर आधी ठरलेलं असतं, मला फक्त विचारतात ताई हे कुठल्या थीममध्ये बसतं बघा. बसतं हो, सगळं बसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) पैशातला 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असा नियम, तर गटार स्वच्छतेत बसतं आणि आरओचं मशीन पाण्यात बसतं. पाणी कुठून येणार हा रकाना त्यात नाही.

आता विहिरीचं.

आमच्या शाळेजवळ जुना आड आहे, दगडी बांधकामाचा, बायका अजून वापरायचं पाणी त्यातून शेंदतात. आमचे सासरे नेहमी म्हणतात की पूर्वी चैतातसुद्धा दोन परसावर पाणी असायचं, आता संक्रांतीलाच त्याच्या खाली जातं. परस म्हणजे पुरुषभर, साधारण सहा फूट, हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. मला वाटलं म्हातारी माणसं असंच म्हणतात, तरी मोजून तर बघू. नायलॉनची दोरी घेतली, टोकाला ट्रॅक्टरचा जुना नट बांधला, दर मीटरला लाल रिबिनीची गाठ मारली आणि सोडली. नट पाण्याला लागला की टप्प आवाज येतो, दोरी सैल पडते, तिथे बोट धरायचं आणि काठापासून गाठी मोजायच्या. बस. एवढंच. खर्च शून्य, दोरी घरातलीच.

सुरुवातीला मी चुकले. कधी सकाळी मोजायचे कधी दुपारी, आकडे खालीवर, काही मेळच लागेना. मग लक्षात आलं की शेजारच्या मळ्यातली मोटर चालू असली की आडाचं पाणी खाली बसतं. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, तर ज्या आठवड्यात रात्रीची लाईट तेव्हा सकाळी मोजून उपयोग नाही, रात्रभर मोटरी चालू असतात. म्हणून आता दिवसाच्या लाईटचा आठवडा बघून, मोटरी सुरू व्हायच्या आधी, पहाटे मोजते. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून ठरलेल्या चार महिन्यांत मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, मी पण तेच महिने धरले. आकडा शाळेच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचा, शेजारी मागच्या वर्षीचा.

दुसऱ्या वर्षी गंमत झाली. पाऊस चांगला झाला, ऑक्टोबरात पाणी अडीच मीटरवर, आधीच्या वर्षी तीनवर होतं. सगळे खूश. आणि जानेवारीत मोजलं तर सातवर! आधीच्या वर्षी जानेवारीला साडेपाचवर होतं. म्हणजे पाऊस जास्त, भरला जास्त आणि आटला पण लवकर. फळ्यापुढे माणसं उभी राहायला लागली, का का म्हणून. सगळ्यांना माहितीच होतं का ते, दिवाळीनंतर पाझर तलावाच्या खालच्या अंगाला अकरा नवीन बोअर झाले होते आणि त्यावर कांद्याची लागण. कायदा म्हणाल तर आहे, राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या म्हणजे दोनशे फुटांच्या खालच्या शेतीच्या बोअरवर निर्बंध आहेत. इकडे पाचशे फुटांच्या आत कोण थांबतंय, बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी गेलेली असते.

फळ्यामुळे गाव सुधारलं असं काही लिहिणार नाही, कारण झालं नाही. एकाने उसाची लागण थांबवली, तो पण म्हणाला बेणं मिळालं नाही म्हणून. आणि एका रात्री कोणीतरी फळा पुसला. मी परत लिहिला, परत पुसला, मग ऑईल पेंटने लिहिला. पण 435 निर्देशकांपैकी एकही पुसायला कोणी कधी आलं नव्हतं हे पण बघा ना. ज्या आकड्याचा त्रास होतो तोच गावाला कळलेला असतो असं माझं मत झालंय.

कार्यशाळेत भूजलवाल्या साहेबांनी एक हिशोब सांगितला तो मात्र डोक्यात पक्का बसला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे आपला टंचाईतला एक टँकर. एक मिलिमीटर एक हेक्टर एक टँकर. घरी येऊन मी आमच्या सासऱ्यांना कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. हजार हेक्टरचं गाव धरा, पाचशे मिलिमीटर पाऊस धरा, तर 5 लाख टँकर आकाशातून फुकट. आपल्या काळ्या खडकात मुरतं त्यातलं दहा टक्क्यांच्या आसपास धरलं, कुठे त्याहून बरंच कमी, तरी 50 हजार टँकर जमिनीत. दोन हजार लोकांच्या गावाला प्यायला आणि वापरायला माणशी 55 लिटर रोज, हा जलजीवनचा नियम, वर्षाचे होतात 4 हजार टँकर. आणि पाटाने पाणी दिलेला ऊस वर्षाला 2 हजार मिलिमीटरच्या पुढे पाणी खातो, म्हणजे हेक्टरी 2 हजार टँकर. मग करा हिशोब, अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी म्हणजे पाच एकर ऊस. साठ एकर उसात गावाचं मुरलेलं सगळं पाणी संपलं, थोडं वरून पावसाचं मिळतं ते धरलं तर सत्तर-ऐंशी एकर म्हणा. ज्वारीला उसाच्या साधारण पाचवा हिस्सा लागतं. सासरे बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले हे आधी कोणी सांगितलं नाही.

सांगितलं होतं की हो. आपल्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, हिवरे बाजारने हे 2004 पासून चालवलंय. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव, 976 हेक्टर जमीन. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पडलं, किती साठलं, आधी माणसांचं आणि जनावरांचं बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीला काय घ्यायचं ते ठरतं, पाऊस कमी तर रब्बी कमी. शेतीला बोअरचं पाणी नाही, ऊस-केळी नाही. पोपटराव पवारांचं नाव सगळ्यांना माहिती आहे, पद्मश्री मिळाली त्यांना, आमच्या गावाची पण सहल जाऊन आली तिकडे, दोन गाड्या भरून. सहलीचा फोटो अपलोड केलाय मी. पण येताना ते झाडं बघून आले, बंधारे बघून आले, तो ताळेबंदाचा कागद कोणी बघितला नाही. तिथे मोजणं आणि ठरवणं एकाच बैठकीत होतं, आमच्याकडे मोजते मी, ठरवतात दुसरे, आणि दोन्हींच्या मधे सर्व्हर डाऊन.

नुसती कामं मोजून काय होतं तेही आपण बघितलंय. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि 2020 ला कॅगचा (सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्यांचा) अहवाल आला की भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर राजकारण काय व्हायचं ते झालं, मला त्यात पडायचं नाही, काही गावांना फायदा झालेला मी स्वतः बघितलाय. पण बंधारे किती झाले हा आकडा प्रत्येकाच्या तोंडावर होता आणि बंधाऱ्याशेजारच्या विहिरीत आधी किती होतं नंतर किती, हे विचारलं की शांतता.

शहरवाल्यांनी हसू नये. माझा भाऊ एका महानगरात असतो, तो म्हणतो आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. महापालिका कायद्यात कलम 67-अ आहे, दरवर्षी 31 जुलैच्या आत आयुक्तांनी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा. 2022 पासून कित्येक महापालिकांना कितीतरी वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासकच होते, मग अहवाल ठेवला कोणापुढे? भावाला विचारलं तू कधी वाचलास का तर म्हणे असा अहवाल असतो हेच माहिती नाही. झाडांची गणना, हवेचे आकडे, नदीचे आकडे सगळं असतं हो त्यात, दीडदोनशे पानं, पण त्याच्या सोसायटीपुढच्या नाल्याचं काय झालं ते त्याला त्यातून सापडायचं नाही.

एक वाचलेलं सांगते. अमेरिकेत सिएटल म्हणून शहर आहे, तिथल्या लोकांनी 1990 नंतर एकत्र बसून ठरवलं की आपलं शहर टिकतंय की नाही हे बघायला आपण काय मोजायचं, आणि 1993 ला पहिला अहवाल काढला. त्यात त्यांनी एक गोष्ट घेतली, ओढ्यांमध्ये अंडी घालायला परत येणारे सॅमन मासे. मासे आले म्हणजे पाणी ठीक, झाडी ठीक, वरून येणारी घाण कमी. साधी गोष्ट, पोरंसुद्धा मोजतील. मला लगेच आमच्या आडावरची बाभळ आठवली. तिच्यावर पूर्वी सुगरणीचे खोपे लटकायचे, मी लग्न होऊन आले तेव्हा वीस-बावीस तरी असतील, पाण्यावर झुलायचे. मागच्या पावसाळ्यात चार मोजले. हे कुठल्या थीममध्ये टाकू?

आणि दुसरं, आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं सगळ्यात खरं मोजमाप कोणालाही विचारा, दसऱ्यानंतर गावातून कोयते किती गेले. बाहेरच्यांना सांगते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. ट्रक भरून जातात कारखान्यांवर, उचल आधीच घेतलेली असते, येतात ते थेट मार्च-एप्रिलला. ज्या वर्षी आड लवकर आटतो त्या वर्षी कोयते वाढतात, हे कळायला संशोधन लागत नाही, किराणा दुकानदारसुद्धा सांगेल, त्याची उधारीची वही बघा. ओळखपत्र द्यायचं म्हणून ऊसतोड कामगारांची नोंदणी आमच्याकडे झालीय, यादी माझ्याच कॉम्प्युटरमध्ये आहे. पण आराखड्याच्या बैठकीत ती यादी कोणी मागितली असं नऊ वर्षांत एकदाही झालं नाही. इथे पाणी नाही म्हणून माणसं जातात कुठे, तर दुसऱ्याच्या गावात पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडायला. लिहिताना हसू येतं आणि येत पण नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की वरचे रकाने चालू द्या, आम्ही भरतो. पण प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःचे पाच-सहा आकडे स्वतः निवडावेत, जे त्या गावच्या माणसाला डोळ्यांनी तपासता येतील. आमच्याकडे आडाची पातळी, बोअर किती वाढले, कोयते किती गेले, दहावीनंतर एसटीने कॉलेजला जाणाऱ्या पोरी किती, हे असतील, कोकणात नाहीतर गोंदियात वेगळे असतील. ग्रामसभा ठरलेल्याच आहेत, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. त्या दिवशी पहिला विषय हाच घ्यायचा, आकडा मागच्या वर्षीच्या शेजारी लिहायचा आणि मगच कामांची यादी काढायची. कोरम भरत नाही, 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं यातलं जे कमी ते, तेवढीसुद्धा येत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पाच-सात माणसांत वर्षाचा आराखडा मंजूर. माझा अनुभव असा की फळ्यापुढे सभा घेतली तर माणसं थांबतात, भांडायला का होईना. मागच्या 2 ऑक्टोबरची सभा आम्ही शाळेच्या ओट्यावर घेतली, बायका घागरी घेऊन तिथेच उभ्या होत्या, एकीने विचारलं पेव्हर ब्लॉकच्या पैशात आडाचा गाळ निघतो का. निघतो. बंधित निधीतसुद्धा बसतो. ठराव झाला, गाळ अजून निघाला नाही, ते पण लिहून ठेवते.

आता तुमच्याकडे मागणं. पावसाळ्यात तुम्ही पहिल्या पानावर धरणांचा साठा छापता, जायकवाडी किती टक्के, मांजरा किती टक्के, लोक सोन्याच्या भावासारखं बघतात ते. तसंच वर्षातून चार वेळा एक छोटा चौकोन द्या, तालुक्यातल्या गावांच्या एकेका विहिरीची पातळी, यंदाची आणि मागच्या वर्षीची. आकडे आम्ही परिचालक पाठवू, व्हॉट्सॲप ग्रुप आमचा आहेच, फोटो लागणार नाहीत. छापून आलं की सरपंच स्वतः विचारतील शेजारच्या गावाची आपल्यापेक्षा वर कशी.

आमचा पाठवून ठेवते. शाळेजवळचा आड, पहाटे साडेपाच, मोटरी बंद असताना, काठापासून 3 मीटर 20. मागच्या ऑक्टोबरला 2 मीटर 50.

आपली,
एक संगणक परिचालक
(नाव-गाव छापू नये, सरपंच आमच्या भावकीतलेच आहेत)